आत्तींच्या मुठीतलं देवगांडूळ

"हणमा, ए हणमा! ये की भाइर! घावलं बघ तुझं ते!"

आत्तींचा आवाज परसातनं आला आणि माझ्या हातातली भाकरी तव्यावर वाकडी पडली. आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई, बनाबाई. त्यांची हाक म्हणजे दोन शिवारं ओलांडून जाणारी. मी तवा खाली उतरवला आणि हात पुसत मागच्या दारात आले. आत्ती उकिरड्याकडनं येत होत्या. लुगडं कमरेला खोचलेलं, कोपरापर्यंत शेण, आणि दोन्ही हातांच्या मुठी एकाला एक जोडलेल्या. त्या मुठींतनं काळपट, चिखलानं माखलेलं काहीतरी बाहेर लोंबत होतं. तोंड असं फुललेलं, की लेकीचं लग्न ठरलंय म्हणावं.

"देवगांडूळ!" त्या म्हणाल्या. "खत वडताना खोऱ्याम्होरं आलं. खोरं टाकलं आन् हातानंच उचललं बघ."

आमचे हे अंगणातनं कॅमेरा घेऊन धावतच आले.

ह्यांचं काय ते आधी सांगते, नाहीतर कळायचं नाही. हणमंत माझा नवरा. आंबाडेवाडीच्या दूध संस्थेचे सचिव. सकाळी आणि संध्याकाळी गावाच्या दुधाचं फॅट काढायचं, मधला सगळा वेळ मोकळा. मोकळ्या वेळात दुसरे पुरुष पत्ते कुटतात, नाहीतर पारावर बसून सरकार पाडतात. आमचे हे ओढ्याच्या काठाला पालथे पडून बेडकाचे फोटो काढायचे. झालं असं, की संस्थेच्या खिडकीत जाळं करून एक मोठी कोळीण बसली होती. हिरवी-पिवळी, पाय लांबलचक. ह्यांनी मोबाइलवर तिचा फोटो काढून कुठल्याशा ग्रुपवर टाकला. कोल्हापूरच्या एका निवृत्त प्राध्यापकानं, रेगे सर त्यांचं नाव, लगेच कोळिणीचं नाव-गाव, तिचा नवरा केवढासा असतो आणि ती त्याचं काय करते, हे सगळं लिहून पाठवलं. त्या दिवसापासनं माणूस कामातनं गेला.

पुढं जुना का होईना, कॅमेरा आला. घरात जाळं झाडायचं तर आधी ह्यांना विचारायचं. दिवाळीच्या तोंडावर मी खराटा घेऊन उभी, आणि हे आडव्या हातानं मला अडवून, "अगं थांब, पिल्लं बाहेर पडायचीत अजून." मी म्हणायची, "माझी पोरं झाली तवा एवढी काळजी केली नव्हती तुम्ही." लोकांच्या नवऱ्यांना दारूचं व्यसन, आमच्यांना बेडकाचं. चावडीवर लोक हसायचे. ह्यांना त्याचं काही नसायचं. रेगे सर फोन करून तासतासभर बोलायचे, तेवढं बस होतं.

ह्यांच्या मनात एक खंत होती, ती म्हणजे देवगांडूळ. हे दिसायला लठ्ठ गांडुळासारखं, पण गांडूळ नव्हे आणि सापही नव्हे. बेडकाच्या जातीतलं. पाय नाहीत, डोळे असून नसल्यासारखे, सगळा जन्म मातीखाली. आमच्याकडं लोक त्याला दोन तोंडांचा इखारी साप समजायचे आणि दिसला की ठेचायचे. आत्तींनी तर आयुष्यात किती ठेचली असतील त्याला गणती नाही. जिवंत मात्र ह्यांच्या डोळ्यांपुढं एकही आलं नव्हतं.

एकदा पावसाळ्यात गोठ्यामागं आत्तींनी खोऱ्यानं एकाचे दोन तुकडे केले. हे संस्थेतनं आले, बघितलं आणि तिथंच बसले. रागावले नाहीत. फक्त खालची माती हळूच उकरली. तिथं साबुदाण्यासारख्या अंड्यांचा घोस होता.

"आई, ही अंड्यांना वेटोळं घालून बसली होती," हे म्हणाले. "खात नाही, पीत नाही, पिल्लं निघेपर्यंत हलत नाही. चावत तर कुणालाच नाही."

आत्तींच्या हातातलं खोरं गळालं. "आई गं! बाळतीण मारली म्हणायची मी?"

त्या संध्याकाळी त्या जागेवर हळदी-कुंकू टाकून आल्या. आणि मग उलटंच सुरू झालं. देवगांडूळ शोधायचं वेड लेकाला कमी आणि आईला जास्त. ह्यांनी त्यांना खुणा शिकवल्या. चिखलाच्या रंगाचं, अंगावर कड्यासारखी वळं, डोळे दिसत नाहीत, हातात घेतलं तरी गप्प राहतं, चावत नाही. आत्तींना आरतीसारखं पाठ झालं. मला भाजी निवडताना म्हणून दाखवायच्या. तीन पावसाळे गेले. आत्तींनी गावातल्या बायकांनासुद्धा बजावून ठेवलं, "दिसलं तर मारू नगा, माझ्या हणम्याला हाक मारा."

तर तो गणपतीनंतरचा रविवार. रेगे सर पहिल्यांदाच आमच्याकडं आले होते, देवगांडूळ मिळतंय का बघायला. सकाळपासनं दोघं बांधाचे दगड उलटून बघत होते. उलटलेला दगड परत होता तसा ठेवायचा, हा त्यांचा नियम. बेडूक निघाले, विंचू निघाला, गोमा निघाल्या. देवगांडूळ नाही. उन्हं वर आल्यावर सर ओढ्यावर हातपाय धुवायला गेले, हे अंगणात तोंड पाडून बसले, आणि मी कोंबड्याच्या रश्श्याला शेवटची उकळी देत होते. तेवढ्यात आत्तींची ती हाक.

"हलू नको आई!" ह्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला सुद्धा. "तशीच धर. हात जरा वर. उजेडाकडं फिर."

आत्ती उजेडाकडं फिरल्या. शेणामातीत भिजलेलं ते जनावर त्यांच्या हाताला वेढा घालून बसलं होतं, वितभराच्या वर असेल. कड्यासारखी वळं तेवढी चिखलातनं दिसत होती.

"तोंड कुठाय त्याचं?"

"माज्या मुठीत खुपसलंय की. लाजतंय जनू."

"बोट जरा उघड... नको, नको, सुटंल. असू दे. हलू नको."

खाट् खाट् कॅमेरा वाजत होता. हे कधी गुडघ्यावर, कधी उकिडवे. एवढा आनंद ह्यांच्या अंगात मी थोरल्याच्या बारशालासुद्धा बघितला नव्हता. आत्ती देवळातल्या मूर्तीसारख्या ताठ उभ्या. मध्ये एकदा त्यांचं हसू मावळलं आणि ओठ घट्ट मिटले. मला वाटलं, फोटोचं दडपण.

"आत्ती, हसा की," मी म्हटलं. "फोटो काढायलेत."

त्या हसल्या.

"बास! आता किटलीत सोड. सरांना दाखवायचंय," हे म्हणाले. मी दुधाची रिकामी किटली आणून दिली. आत्तींनी मूठ आत घालून उघडली, मी वरून झाकण लावलं. मग त्यांनी हात पदराला पुसले आणि चुलीपुढं जाऊन बसल्या. हे ओढ्याच्या वाटेला लागून ओरडत होते, "सर! सर, या लवकर! मिळालं!"

रेगे सर ओल्या पायांनी पळत आले. साठी उलटलेला माणूस, पण तोंडावर पोराची हाव. झाकण काढून आत बघितलं. "फारच चिखल आहे हो. जरा पाणी द्या, वहिनी."

मी तांब्या दिला. सरांनी किटलीत हळूच धार सोडली.

त्यानंतर जे झालं ते अजून माझ्या डोळ्यांपुढनं हलत नाही. सरांनी झाकण धाडकन बंद केलं, दोन्ही हातांनी दाबून धरलं आणि तसेच खाली बसले. चेहऱ्यावरचं रक्त उतरलेलं. किटलीच्या आत काहीतरी पत्र्यावर आपटत होतं.

"हणमंतराव," ते म्हणाले, "हे कुणी धरलं?"

"आईनं. का हो?"

"हातानं?"

"हो. दोन्ही हातांनी. का?"

"मण्यार आहे. पिल्लू आहे. पांढरे पट्टे आहेत अंगावर, चिखलात दिसले नाहीत."

मण्यार. नागापेक्षा जहरी, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. ह्यांचं तोंड उघडं ते उघडंच. कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात, आणि त्या पट्ट्याला हे दोन्ही हातांनी धरून उभे.

मीच धावत चुलीपाशी गेले. "आत्ती! अहो आत्ती, ती मण्यार होती! चावली का तुम्हाला?"

आत्तींनी मान वर केली. माझ्या मागं हे येऊन उभे होते. आत्तींनी आधी माझ्याकडं बघितलं, मग ह्यांच्याकडं बघितलं, आणि म्हणाल्या, "न्हाई बा. कुठं चावलीया? मुकी हुती बिचारी."

किटलीच्या झाकणावर दगड ठेवून सर आले, आत्तींना हात धुवायला लावले आणि ते उन्हात धरून बघितले. काय दिसणार? जन्मभर गवत कापलेले ते हात. विळ्याचे ओरखडे, काट्यांची भोकं, भेगा. त्यात दोन टिंबं कुठं शोधायची?

"मण्यार चावलेलं पुष्कळदा कळतच नाही," सर म्हणाले. "दुखत नाही, सूज येत नाही. वाट बघत बसू नका. दवाखान्यात चला."

"जायचं की," आत्ती म्हणाल्या. "पावनं जेवल्यावर."

"आजी, मी एक घास खाणार नाही."

"मग म्या बी हलत न्हाई. कोंबडं कापलंय तुमच्यासाटी."

"आई!" ह्यांना आवाज फुटला तो रडण्यासारखा. "चल गं. तुझ्या पाया पडतो, चल."

गावात गाडी म्हणजे नामदेवचं वडाप, माणसं भरून नेणारी जीप, ते बाजाराला माणसं सोडायला गेलेलं. फोन केला तर म्हणाला, "घाट चढतोय, आलोच." मी म्हटलं, मोटारसायकलवर मध्ये बसवून नेऊ. सर नको म्हणाले. वाटेत मान टाकली तर म्हातारी खाली पडेल. मग आम्ही तिघं अंगणात रस्त्याकडं डोळे लावून उभे, आणि ही बाई आत ताटं वाढायला लागली. काय म्हणावं ह्याला? मी आत गेले आणि त्यांचा हात धरला.

"आत्ती, सोडा ते. बसा."

"कांदा चिरला का गं?"

मला वाटलं, आवाज काहीतरी वेगळा लागतोय. नाकातनं आल्यासारखा. त्यांनी पळीनं रस्सा घेतला आणि ताटाच्या बाहेर, जमिनीवर ओतला. त्यांच्या लक्षातच आलं नाही. मी खाली वाकून तोंडाकडं बघितलं. पापण्या अर्ध्या मिटलेल्या. मला बघायला त्यांनी हनुवटी वर केली, डोकं पार मागं टाकलं, तरी पापण्या उघडेनात.

"शालन," त्या म्हणाल्या, "ढग आलंत का गं? अंधारलंय."

बाहेर लख्ख ऊन होतं.

मी जी किंचाळले, ती शेजारणी भिंतीपलीकडनं धावत आल्या. नामदेवची गाडी तेवढ्यात फाट्यावर दिसली. आत बाजारची माणसं, पिशव्या, एक बोकड. सगळी गाडीतनं उतरली, कुणी एका शब्दानं कुरकुर केली नाही. आत्तींचं डोकं माझ्या मांडीवर. फाटा ओलांडेपर्यंत त्या बोलत होत्या, मग नुसतं घशात घरघर. लाळ गिळता येईना. मी पदरानं पुसत होते आणि गावदेवीपासनं जोतिबापर्यंत सगळ्यांना हाका मारत होते. सर घड्याळ बघून फोनवर दवाखान्याला सांगत होते. हे पुढं बसलेले, मागं वळून बघायची छाती होत नव्हती. एकदाच वळले. "आई, डोळे उघड," म्हणाले. आत्तींनी उघडले नाहीत.

तालुक्याच्या दवाखान्यात एक कोवळी डॉक्टरीण होती. तिनं बघितलं आणि एक क्षण घालवला नाही. इंजेक्शनं, सलाइनं. मग म्हणाली, "श्वास बंद पडत चाललाय. नळी घालते. पण मशीन इथं नाही, कोल्हापूरला न्यावं लागेल." अॅम्ब्युलन्समध्ये मशीन नाहीच. नळीला एक रबरी फुगा जोडलेला. तो दाबायचा की छाती वर यायची, सोडायचा की खाली जायची. दवाखान्याचा पोऱ्या दाबत होता. त्याचे हात भरून आले, तसे हे पुढं सरकले.

"द्या. मी दाबतो."

"हे गळ्यातलं काढा आधी," तो म्हणाला. कॅमेरा तेव्हाही ह्यांच्या गळ्यात होता.

कोल्हापूर येईपर्यंत ह्यांनी आपल्या आईचा श्वास हातानं घेतला. मी समोर बसलेली. दाब, सोड. दाब, सोड. ओठ हलत होते, पण काय म्हणतायत ते कळत नव्हतं. आपल्या आईच्या छातीत आपणच वारा भरायचा, आणि हात थांबला की ती थांबणार. दुष्मनावरसुद्धा अशी वेळ येऊ नये.

मशीनवर घातल्यावर आत्ती मेल्यासारख्या पडल्या. हात उचलून सोडला की दगडासारखा खाली यायचा. डोळे मिटलेले, चिमटा काढला तरी काही नाही. डॉक्टर म्हणायचे, विष उतरेपर्यंत धीर धरा. कसला धीर? रेगे सर रोज यायचे, डबा घेऊन यायचे. त्यांचाही चेहरा उतरलेला. "मी आलोच नसतो तर," एवढंच म्हणायचे.

एका दुपारी आम्ही तिघं पलंगापाशी उभे होतो. हे एकदम बोलायला लागले.

"सर, चावली तेव्हा तिला कळलं नसंल, न्हवं?"

"नसणारच, हणमंतराव."

"कळलं असतं तर हातातनं टाकून दिली असती तिनं. कुणीबी टाकली असती. मी हलू नको म्हणत होतो, सर. मी आईला म्हणत होतो, धरून ठेव. मी बघितलंसुद्धा नाही काय आहे ते. भिंगातनं फोटो बघत होतो. कळूनसवरून तिनं माझ्यासाठी धरून ठेवली असंल, तर मी जगायचा नाही. सांगून ठेवतो."

"कळलं नसणार," सर पुन्हा म्हणाले आणि ह्यांच्या पाठीवर हात ठेवून त्यांना बाहेर घेऊन गेले.

मी तिथंच राहिले. सिस्टर सलाइन बदलायला आली होती. ती माझ्याकडं न बघता हळू आवाजात म्हणाली, "ताई, आजींसमोर असलं काही बोलू नका. मण्यारीच्या पेशंटला हलता येत नाही. पण पुष्कळांना सगळं ऐकू येत असतं."

मी आत्तींच्या तोंडाकडं बघितलं. तिथं काही नव्हतं. मिटलेल्या पापण्या, नळी, आणि मशीनबरोबर वरखाली होणारी छाती.

पण जगल्या आत्ती. आधी एक बोट हललं. मग भुवई. मग पापणी किलकिली झाली, तेव्हा मी वॉर्डात ओरडले आणि सिस्टरनं मला दटावलं. नळी काढल्यावर आवाज खरखरीत, विहिरीतनं आल्यासारखा. पहिलं म्हणाल्या, "म्हस कोन पिळतंय?" आम्ही हसलो आणि रडलो.

ह्यांनी मात्र दुसऱ्या कशाला थारा दिला नाही. पलंगावर वाकले आणि विचारलं, "आई, तुला कळलं हुतं का गं?"

"काय रं?"

"चावली तवा."

"न्हाई बा," आत्ती म्हणाल्या. "काय सुदीक कळलं न्हाई."

ह्यांनी पलंगाच्या कडेला डोकं टेकलं आणि लहान पोरासारखे हमसून रडले. तोवर इतक्या दिवसांत एकदाही रडले नव्हते. आत्ती त्यांच्या केसांतनं हात फिरवत राहिल्या. हात अजून नीट उचलत नव्हता, तरी फिरवत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी हे औषध आणायला खाली गेले होते. मी आत्तींना पेज भरवत होते. मला आपलं बरं वाटत होतं, तोंड मोकळं सुटलं होतं. मी म्हटलं, "बरं झालं बाई, कळलं नाही ते. नाहीतर भिऊनच जीव गेला असता तुमचा."

आत्तींनी घास गिळला. दाराकडं बघितलं.

"कळलं की," त्या म्हणाल्या.

माझा चमचा हवेत राहिला. "काय?"

"कळलं. आदी मुंगीवानी. मग दुसऱ्यांदा चांगलीच चावली, आंगठ्याच्या बुडाला. सोडंचना."

"आणि तुम्ही..."

"त्यो म्हनत हुता न्हवं, हलू नको."

आईच्या हाताला साप चावतोय, आणि ती फोटो नीट यावा म्हणून हात हलवत नाही! वर मी तिला हसायला सांगतेय, आणि ती हसतेय!

"अहो आत्ती, चावतंय म्हटल्यावर तरी..."

"देवगांडूळ चावत न्हाई म्हनून त्योच म्हनला हुता. मला वाटलं, चावलं बी आसंल एकांदं. चावू दे. तीन सालं शोदत हुता गं त्यो. सोडलं आन् पळालं तर?"

"बरं, ते राहू दे. पण सरांनी धुतल्यावर? मण्यार म्हणून कळल्यावर तरी सांगायचं! मी तोंडावर विचारलं तुम्हाला. मरायचं होतं का?"

आत्तींनी पुन्हा दाराकडं बघितलं.

"तू त्याचं तोंड बगितलंस का तवा?" त्या म्हणाल्या. "मी बगितलं."

मला राग आला, खोटं कशाला बोलू. त्यांचा आला, ह्यांचा आला, त्या बेडकांचा आणि कोळ्यांचा आला. वाटलं, आत्ता खाली जावं आणि सांगावं ह्यांना, की बाबा, तुझी आई काय करून बसली बघ. आत्तींनी माझं मनगट धरलं. त्या हातात जोर असा नव्हताच, पण मला हलता येईना.

"हितं पडल्या पडल्या समदं ऐकलंय म्या," त्या म्हणाल्या. "जगायचा न्हाई म्हनला त्यो. आता माजं चुकलं आसंल तर मी बगून घीन. तू बोललीस तर माजं मेल्यालं तोंड बगशील."

दारात पावलं वाजली. मी चमचा पुन्हा पेजेत घातला.

बरीच वर्षं झाली त्याला. ह्यांनी कॅमेरा कपाटात टाकला होता, तो आत्तींनीच काढून हातात दिला. म्हणाल्या, "घरात बसून माजं डोकं खाऊ नको. जा वड्याला." पुढं रेगे सर आणि हे मिळून शाळाशाळांतनं साप ओळखायला शिकवायला लागले. तिथं हे स्वतःची चूक लपवत नाहीत. आधी बघा, मग फोटो काढा, आणि उघड्या हातानं काही उचलू नका, असं घसा कोरडा पडेपर्यंत सांगतात. मग मण्यारीचं चित्र लावतात आणि म्हणतात, "हिचा दंश कळत नाही. माझ्या आईला कळला नव्हता." आत्ती असेपर्यंत पुढच्या रांगेत बसलेल्या असायच्या. हे विचारायचे, "होय न्हवं गं आई?" त्या उठून उभ्या राहायच्या आणि साऱ्या शाळेला ऐकू जाईल असं म्हणायच्या, "काय सुदीक न्हाई!" पोरं टाळ्या वाजवायची.

गेल्या साली आत्ती गेल्या. म्हातारपणानं, झोपेत, सुखानं गेल्या.

परवा तालुक्याच्या शाळेत हे बोलत होते. मी एकटीच गेले होते सोबत. ह्यांनी मण्यारीचं चित्र लावलं, आईची गोष्ट सांगितली. सांगताना आता आवाज कापतो थोडा. संपल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. दोन वेण्या, हुशार डोळे.

"सर, आजींना दंश कळला नव्हता, हे तुम्हाला कसं माहीत?"

हे थांबले. पुढच्या रांगेकडं बघितलं. सवयीनं, आत्ती बसायच्या त्या खुर्चीकडं. तिथं मी बसले होते.

"ह्यांना विचारा," हे म्हणाले. "ह्या तिथंच होत्या."

सगळी शाळा माझ्याकडं बघायला लागली. आणि हेसुद्धा बघत होते. केस पिकलेले, चष्मा लागलेला, आणि डोळ्यांत दवाखान्यातला तोच प्रश्न, इतक्या वर्षांनी सुद्धा तसाच.

मी उठून उभी राहिले.

"नाही कळलं," मी म्हटलं. "काय सुदीक नाही."